खडूची भिंत
आजही वेल्डिंगचा जळका वास आला की मला ती दुपार आठवते. हिंजवडीच्या मागं सासऱ्यांच्या गुंठाभर जागेत आमचं पत्र्याचं शेड उभं राहत व्हतं, पुढं ह्यांचं वेल्डिंगचं वर्कशॉप, मागं आमचा संसार, आणि मधली भिंत अजून व्हायची व्हती, म्हणून ह्यांनी कोब्यावर खडूनं रेघ मारली, म्हणाले, "ही भिंत. हिकडं तू, तिकडं मी." सासूबाई म्हणाल्या, "आन् दार रं कुठाय?" तर ह्यांनी रेघ थोडी पुसून दार पण केलं, किती हसलो आम्ही, पण रांगत्या पोरीला काय कळणार रेघ? मी दुधाकडं बघत व्हते, वळले तर पोरगी पार तिकडं, ह्यांनी आत्ताच जोडून खाली ठेवलेल्या ग्रिलपाशी, आणि लोखंड तापलेलं असलं तरी दिसतं काळंच, मी ओरडले, पण मशीनच्या आवाजात ह्यांना ऐकूच जाईना, मी पोचेपर्यंत तिनं हात लावला असता, म्हणून बाजूचा मेन स्विच खाली ओढला. सगळं गप्प झालं. ह्यांनी तोंडावरची काच वर केली, "लाईट गेली व्हय गं?" "लाईट न्हाई, पोरगी बघा!" त्यांनी झडप घालून तिला उचललं, तिची बोटं ग्रिलपासनं वीतभरच लांब व्हती. मग त्यांनी गिऱ्हाइकाचे पत्रे ओढले आणि संध्याकाळपर्यंत भिंत उभी केली. आता पोरगी मोठी झाली, तरी मशीन अचानक थांबलं की मी हातातलं टाकून तिला हाक मारते, आणि हे पलीकडनं म्हणतात, "अगं, ती शाळेत हाय."