वारं पडलं

पुराच्या कामासाठी आमची तुकडी आमच्याच परभणी जिल्ह्यात उतरली. मी वालूरचा, रेडिओवर. लान्सनायक मिलिंद चुडाव्याचा, विमानाच्या मागच्या सीटवर. पाण्यानं वेढलेली गावं वरून ओळखायची आणि औषधांची बोचकी खाली सोडायची, हे त्याचं काम. विमान दोन सीटचं, हलकं. धावपट्टी तात्पुरती, मुरमाची.

विमान चालवायचे कॅप्टन नेगी. ते उत्तरेकडच्या पहाडातले. आमच्याकडून मराठी शिकत होते.

"सर, लय भारी बोलायलात," मिलिंद म्हणायचा. "चुडाव्यात तुमाला पोरगी बी मिळंल."

वारा दाखवणारी कापडी नळी फाटली होती. नवी मागितली की मुख्यालयातून उत्तर यायचं, "भेजते हैं." विमान उडवायचा हुकूम लगेच निघतो. कापडाचा निघत नाही.

त्या सकाळी एका वेढलेल्या गावात माणसाला साप चावला. औषध टाकायचं होतं. वाऱ्यानं तंबूच्या दोऱ्या ताणून तुटायला आल्या होत्या.

"कंट्रोल, विंड?" कॅप्टननी विचारलं.

"गस्टी, सर. झोत येतायत, आडवा वारा. होल्ड," मी म्हणालो.

"होल्डिंग."

विमान धावपट्टीच्या टोकाला थरथरत उभं. एकाएकी झोत थांबला. रेडिओवर मिलिंदचा आवाज आला, "वारं पडलं बग, वालूरकर."

आमच्याकडे खळ्यावर मूग उपणताना कुणी 'वारं पडलं' म्हणालं की सगळ्यांचे हात थांबतात. सूप वर धरलं तसंच राहतं, कारण पुढचा झोत कुठल्या अंगानं येईल याचा भरवसा नसतो. मिलिंद 'थांबा' म्हणत होता.

कॅप्टन म्हणाले, "पडलं? गुड. रोलिंग."

"सर, होल्ड! होल्ड!" मी ओरडलो.

चाकं सुटली. डावीकडून झोत आला. डावा पंख उचलला गेला, उजवा मुरमाला लागला, विमान पालथं झालं. एवढंच.

मी पोचलो तेव्हा कॅप्टन गेले होते. मिलिंदला ओढून बाहेर काढलं.

"म्या तर थांबाच म्हनलो व्हतो ना रे?"

"हो."

ॲम्ब्युलन्स यायच्या आत तो गेला. औषध दुपारी होडीनं पोचलं. तो माणूस वाचला.

चौकशीवाले म्हणाले, अचानक वारा आला. अचानक? सकाळपासून तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तंबू उपटत होता! नोकरी संपवून आलो तेव्हापासून परभणीत चौकाचौकात हेच सांगतोय. लहान विमान उडतं तिथे कापडी नळी हवी, वारा मोजायचं यंत्र हवं. वारा आकड्यात सांगा, बोलीत नको. लोक ऐकतात आणि म्हणतात, "नशीब त्यांचं." नशीब कसलं? कापड नव्हतं!

यंदा चुडाव्याला गेलो. मिलिंदचे वडील खळ्यावर मूग उपणत होते. झोत थांबला. शेजारच्या मावशी सवयीनं बोलून गेल्या, "वारं पडलं."

सगळ्यांचे हात थांबले.

मग वारा परत आला. चांगला, एका दिशेचा. बाकीच्यांची सुपं हलू लागली. मिलिंदच्या बाबांचं वरच राहिलं. मी जाऊन ते हळूच त्यांच्या हातातून घेतलं.