दोन भावांची घरपट्टी

वडिलांच्या घराची वाटणी करताना दोघा भावांनी मधोमध भिंत घातली. भांडण न होता वाटणी झाली, त्यामुळे बघायला जमलेल्या नातेवाइकांची जरा निराशाच झाली. डावीकडे थोरला, घड्याळं दुरुस्त करणारा. उजवीकडे धाकटा, शिंपी. खोल्या सारख्या, खिडक्या सारख्या. घरपट्टी मात्र थोरल्याला जवळजवळ तिप्पट.

कारण उघड होतं. थोरल्याने पुढच्या खोलीवर पाटी लावली होती, म्हणून तिला दुकानाचा दर बसला. धाकटाही पुढच्याच खोलीत शिवायचा, पण पाटीशिवाय. आणि पालिकेचा माणूस गल्लीत दिसला की मशीनवर चादर पडायची. कागदोपत्री ती झोपायची खोली होती.

"तुम्हीही काढा की ती पाटी," थोरल्याची बायको म्हणाली.

"लपवाछपवी नको. सरळ अर्ज करतो."

अर्ज त्याने सुवाच्य अक्षरात लिहिला. शेजारी माझा सख्खा भाऊ असाच घरात धंदा करतो, त्याला घराचा दर लागतो, तरी मलाही तोच लावावा. दाखला भक्कम असावा म्हणून भावाचा घर क्रमांकही घातला. दोघांना सारखं करायचं म्हटल्यावर पालिका आपली पट्टी खाली आणेल, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

निरीक्षक आला तो थेट उजवीकडच्या दारात. चादर टाकायला सवडच मिळाली नाही. दुकानाचा दर लागला, वर मागच्या वर्षांची थकबाकी.

धाकटा नोटीस घेऊन आला. "दादा, सोबत अर्जाची नक्कल जोडलीय. अक्षर तुझं दिसतंय."

"अरे, माझी कमी व्हावी, एवढंच मनात होतं..."

"मग मला बोलायचंस ना. दोघांनी मिळून भरली असती तुझी."

थोरल्याने थकबाकीत वाटा देऊ केला. भावजय दारातूनच म्हणाली, "राहू द्या, दादा. बरंच केलंत."

थकबाकी फिटली ती मशीन विकून. मग ती खोली खरोखरच झोपायची झाली आणि धाकट्याची पट्टी रीतसर उतरली. थोरल्याच्या अर्जावर शेरा आला : अमान्य.

आता धाकटा गावाबाहेरच्या कारखान्यात दुखऱ्या गुडघ्यांनी दिवसभर उभा राहून कापड कापतो. सकाळी तो निघाला की थोरला दारात येतो.

"चहा टाकलाय. घोटभर घेऊन जा."

"बस चुकेल, दादा."

बसला अजून बराच वेळ असतो. ते दोघांनाही माहीत असतं.