ताईची चार उत्तरं

माझी थोरली बहीण बीजगणित शिकवते. मुलं तिला खोडीबाई म्हणतात, आणि खोटं नाही ते. साधं वर्गसमीकरण द्यायचं म्हणजे तिच्या जिवावर येतं. मध्येच केवल मूल्याच्या दोन उभ्या रेघा घुसडून पोरांची विकेट काढली, की बाईंना चहा गोड लागतो. पेपरात दर रविवारी तिचं एक गणित येतं, उत्तर पुढच्या रविवारी. एकवीस वर्षांत एक चूक छापून आली नाही. तोरा तर विचारूच नका.

छापायला जाण्याआधी ते गणित तिची मुलगी तपासायची, स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाय हलवत बसून. आईला चुकताना पकडलं की दिवसभर मिरवायची. मग तिने कॉलेज सोडलं, बेकरीत कामाला लागली. ताई नको नको ते बोलली. पोरगी गेली ती गेलीच. तीन वर्षं झाली, माझ्याशी बोलते, आईशी शब्द नाही. ताई माफी मागेल? मोडेल पण वाकणार नाही. पण पोरीच्या रिकाम्या पलंगावरची चादर दर आठवड्याला बदलते, मी बघते ना.

परवाच्या रविवारी उत्तर वाचून मी कपाळाला हात लावला. क्षचा वर्ग, वजा क्षचं केवल मूल्य, वजा सहा, बरोबर शून्य. सोडवलं की केवल मूल्य तीन तरी येतं, नाहीतर उणे दोन. केवल मूल्य उणे कधीच नसतं, म्हणून ते टाकायचं. उरतात तीन आणि उणे तीन. दोनच उत्तरं. ताईने छापली होती चार.

"अगं, हे शेंबड्या पोरालाही कळेल," मी म्हटलं.

"कळू दे. तिला कळलं म्हणजे झालं."

मला रडूच आलं. संपादक चिडले, वाचकांनी पत्रांतून अक्कल काढली, ताईने सगळं निमूट ऐकून घेतलं. सारखी दाराकडे बघायची.

बुधवारी भाचीचा फोन आला, माझ्या मोबाइलवर. "मावशी, आईला बरं नाही का? असली चूक ती करत नाही."

मी फोन स्पीकरवर टाकून सरळ ताईच्या हातात दिला.

"मी आहे," ती म्हणाली. "कुठे चुकलं गं माझं?"

मग भाची सांगू लागली, आधी तुटक, मग तिच्या पद्धतीने, एकेक पायरी. ताई हं हं करत होती.

"कळलं ना?"

"नाही," ताई म्हणाली. "उणे दोन का टाकायचं, ते परत सांग."

तिसऱ्यांदा विचारत होती.