दोन घोट

आमच्याकडे ऊसतोडीला माणसं जात नाहीत, कोयते जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. अशा कोयत्याचा अर्धा भाग होऊन मी आठ हंगाम काढले. पहिल्या हंगामाला निघताना सासूबाईंनी मला ऊस कसा तोडायचा ते शिकवलं नाही, पाणी कसं प्यायचं नाही ते शिकवलं. पहाटे दोन घोट, भाकरीबरोबर दोन घोट, मध्ये नुसतं तोंड ओलं करायचं. तोडलेल्या फडात बाईला आडोसा उरत नाही आणि लांब गेलं की मुकादमाचं तोंड सुटतं.

लघवीला जळजळ व्हायची, अंगात कणकण असायची. सगळ्याच बायकांना व्हायची, म्हणून तो आजार आहे असं कुणाला वाटलंच नाही. आम्ही त्याला उष्णता म्हणायचो आणि कोपीवर, म्हणजे आमच्या पाचटाच्या झोपडीवर, आल्यावर भिजवलेल्या धन्यांचं पाणी घ्यायचो, तेही बेतानं. एकदा तापानं फणफणले तेव्हा डॉक्टर म्हणाले, पाणी भरपूर प्या. मला तापातही हसू आलं.

पुढे दहावी झालेली म्हणून मी गावची आशाताई झाले आणि फडातून सुटले. निदान मला तसं वाटलं. आता डॉक्टरांचा तोच सल्ला मी घरोघर देत फिरते.

यंदा तोडीला निघणाऱ्या बायकांची तपासणी झाली, त्यात माझी धाकटी जाऊ होती. पाचवा महिना. लघवीत जंतू निघाले. तिचं पहिलं मूल मागच्या हंगामात सातव्या महिन्यातच जन्मून कोपीत गेलेलं. सिस्टरनं गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की पाणी कमी पडलं, ताप भरला, तर हेही दिवसांआधीच होईल, हिला जपा. जपा म्हणे!

मी दिराला म्हटलं, हिला माझ्याजवळ ठेव. दीर वाईट नाही. मान खाली घालून त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"वैनी, एकट्या गड्याला मुकादम न्हेत न्हाई. बोली जोडीची झालीय."

सासूबाई म्हणाल्या, आम्ही काय पोटुशा गेलो नाही का. मला सगळ्यांचाच राग आला, आणि तो काढावा असं एकही माणूस समोर नव्हतं.

मग पाटोद्याच्या बाजारातून मी दोन लिटरची निळी बाटली आणली. जावेच्या हातात देऊन बजावलं, दिवसातून दोनदा रिकामी झाली पाहिजे. ती मान डोलवत राहिली. मग हळूच म्हणाली, "पिते की, आक्का. पन जाऊ कुठं?"

मी सांगू लागले, उजाडायच्या आत उठायचं, दोघी-तिघींनी मिळून जायचं, एकीनं साडी आडवी धरायची. यातलं एक अक्षर मला प्रशिक्षणात कुणी शिकवलेलं नव्हतं.

निघायच्या दिवशी भर दुपारी ट्रक पारापाशी उभा राहिला. भांडी, गोधड्या, दोन शेळ्या आणि त्यावर माणसं. जाऊ पोट सांभाळत वर चढली. मला बरं वाटावं म्हणून तिनं माझ्याकडे बघत बाटली उघडली आणि गटागटा प्यायला लागली. मी ट्रकभर नजर फिरवली. जेवढ्या बायका तेवढेच गडी, दाटीनं बसलेले. कडा गाव ओलांडून पुढे कितीतरी लांब जायचं होतं आणि ट्रक एकदम दिवस मावळताना, धाब्यावरच थांबणार होता. मला माझे आठही प्रवास आठवले.

"आता पुरे," मी खालून म्हणाले. "आता पिऊ नको."

तिनं लगेच झाकण लावलं. का म्हणून विचारलंसुद्धा नाही.

ट्रक हलला. सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "बरं केलंस, सांगितलंस ते."