साठातली एकेचाळीस मिनिटं

लॉर्ना टनिक्लिफने टेप काउंटरवर आपटली तेव्हा इंग्लंडातल्या हॅन्लीच्या बाजारातल्या त्या दुकानात चार गिऱ्हाइकं होती. चौघांनीही वळून पाहिलं.

"साठ मिनिटांची टेप," ती म्हणाली. "त्यातली एकेचाळीस मिनिटं हा गाढव बोलतोय. घड्याळ लावून मोजलीत मी. मला संगीत हवं होतं, रॉयस्टन. याचं तोंड नको होतं."

रॉयस्टन पेग हा दुकानाचा मालक. शहरातल्या जुन्या नाचघरात महिन्यातून एका रविवारी, दुपारी बारापासून, हार्डकोअरचा, म्हणजे धडाधड ठोक्यांच्या नाचसंगीताचा, जलसा भरवायचा तो हाच, आणि त्या जलशाच्या टेपा विकायचा तोही हाच. पन्नाशीचा, पोट सुटलेला, समोरचा कितीही भडकला तरी दात दाखवणारा माणूस.

"पोरी, एमसीचं कामच बोलायचं असतं," तो म्हणाला. "डीजे तबकड्या लावतो, एमसी माइकवरून लोकांना चेतवतो."

"चेतवतो? हा त्यांचे कान किसतो. 'हात वर, हात वर, आवाज कुठाय, आवाज कुठाय.' अरे, आवाज तूच खाल्लास मेल्या, आता कुठून येणार?"

"कान दुखत असतील तर कापूस घाल, मावशी."

बोलणारा दाराशी उभा होता, पुढच्या जलशाची पोस्टरं चिकटवत. सहा फूट उंच, केस पिवळेधमक रंगवलेले. शेन मॅचिन त्याचं नाव. आठवडाभर कपबशांच्या कारखान्यात खोकी भरायचा आणि रविवारी 'एमसी क्लॅक्सन' व्हायचा. टेपवरचा गाढव तो हाच.

लॉर्ना सव्वीस वर्षांची होती आणि शेनही तेवढाच, त्यामुळे 'मावशी' तिला बरोबर झोंबलं.

"मी माइकवरच पोट भरते," ती म्हणाली. "सहा वर्षं हाउझीच्या हॉलमध्ये आकडे पुकारतेय. चारशे म्हाताऱ्या समोर असतात. एक आकडा नीट ऐकू गेला नाही तर जिवंत सोलतील मला. तुझं एक तरी वाक्य आजवर कुणाला कळलंय का?"

"हाउझी!" शेनला हसू आवरेना. "म्हणजे 'दोन जाड्या बायका, अठ्ठ्याऐंशी' म्हणत ओरडणारी ती तूच? मग बरोबर आहे. तुला आमचं काय कळणार?"

"मी या जलशांना एक्क्याण्णव सालापासून येतेय. तू तेव्हा फुटबॉलच्या मैदानावर दुसऱ्या संघाला शिव्या घालत होतास. अजून तेच करतोस, फक्त आता हातात माइक आहे."

गिऱ्हाइकं खिदळली. शेनचे कान लाल झाले. रॉयस्टनने मात्र हात चोळले. भांडणातून तिकिटं खपतात हे त्याला फार चांगलं ठाऊक होतं.

"एवढं कळतंय ना तुला? मग येत्या रविवारी अर्धा तास माइक तुझा."

लॉर्ना नाहीच म्हणणार होती. पण शेन पोस्टरावरून हात फिरवत म्हणाला, "ती कसली येतेय!" म्हणून ती हो म्हणाली.

घरी तिची आई बेरिल ओटकेकमध्ये, म्हणजे ओटच्या धिरड्यात, चीज घालून गुंडाळत होती. बेरिलने तीस वर्षं कारखान्यात कपांवर गुलाब रंगवले होते. तिला कुठलीही गोष्ट घाईने केलेली खपायची नाही.

"रोज माइक असतो की तुझ्या हातात," ती म्हणाली. "तो पुरत नाही का? आणि त्या लोकांपुढे बोलणार काय तू?"

"काहीच नाही. चांगला एमसी म्हणजे गप्प बसणारा एमसी."

"मग त्याला माइक कशाला लागतो?"

लॉर्नाने एक ओटकेक उचलला आणि जिना चढून गेली.

रविवारी अडीच वाजता ती स्टेजवर उभी राहिली. नाचघराच्या उंच खिडक्यांतून ऊन आत येत होतं आणि त्या उजेडात दीड हजार पोरंपोरी घामाने निथळत होती. पांढरे हातमोजे, शिट्ट्या, भोंगे. डीजे होता क्लाइव्ह शफलबॉटम, मुखदुर्बळ आणि हाताचा पक्का. लॉर्नाने त्याचं नाव घेतलं, "ऐका," एवढंच म्हणाली, आणि गप्प बसली.

तीन मिनिटं झाली, चार झाली. लोक स्टेजकडे बघू लागले. "माइक मेलाय का?" कुणीतरी ओरडलं. समोरच्या कठड्याशी शेनचे दोस्त उभे होते, त्यांनी सूर धरला, "दोन जाड्या बायका! दोन जाड्या बायका!" बघता बघता तो सूर मागे पसरला. पाण्याची एक बाटली येऊन तिच्या खांद्यावर आदळली. लॉर्ना हलली नाही. संगीत चांगलं चाललंय, ती मनाशी म्हणत होती, मग यांना आणखी काय हवंय?

आणि तेवढ्यात नाचणाऱ्यांच्या पायांनी स्टेज हादरलं, तबकडीवरची सुई उडाली आणि संगीत बंद पडलं.

दीड हजार माणसांनी हुर्यो केली. क्लाइव्ह पांढराफटक पडून नुसता तबकडीकडे बघत राहिला. माइक लॉर्नाच्या हातात होता. हाउझीच्या यंत्रात आकड्याचा चेंडू अडकला की जे म्हणायची सवय होती तेच तिच्या तोंडून बाहेर पडलं:

"एक मिनिट थांबा हं, कृपया."

हॉल हसून लोळायचाच बाकी राहिला.

शेन उडी मारून वर आला. दुसरा माइक उचलून त्याने टाच आपटायला सुरुवात केली, नुसती टाच, ठरावीक लयीत. डाव्या बाजूला ओरडायला दोन शब्द दिले, उजव्या बाजूला दोन. दहा सेकंदांत अख्खं नाचघर पायांनी ढोल वाजवत होतं. क्लाइव्हला धीर आला. त्याने सुई ठेवली, आणि तबकडी नेमकी त्या ठोक्यावर येऊन पडली. छत उडून जाईल असा आवाज झाला.

मग शेनने लॉर्नाच्या गळ्यात हात टाकला. "हाउझीवाल्या मावशींसाठी टाळ्या!" तो माइकवर म्हणाला. "मावशी, घरी जा. आकडे वाट बघतायत."

तिने त्याचा हात झटकला, माइक खाली ठेवला आणि मागच्या दाराने निघून गेली. रडली नाही. दोन मैल चालत घरी जाताना ती त्याला शिव्या घालत होती. सगळ्यात वाईट शिवी त्याने नीट केलेल्या कामाला होती.

त्या जलशाची टेप तिने घेतली आणि बसमध्ये, स्वयंपाकघरात, अंथरुणावर ऐकली. एरवी शेन नुसता कचरा ओतत होता. पण त्या वीस सेकंदांत त्याचा एकही शब्द वाया गेला नव्हता. हरामखोराला येत होतं, आणि येत असून तो करत नव्हता. ही गोष्ट तिला त्याच्या 'मावशी' म्हणण्यापेक्षा जास्त लागली. आणि आपण गप्प उभे राहिलो, तेव्हा आपणही काम टाकूनच उभे होतो, हेही तिला कळलं. ते तिने कुणाला सांगितलं नाही.

दर मंगळवारी दुपारी ती क्लाइव्हकडे शिकायला जाऊ लागली. तो स्वतःच्या मावशीच्या मासे-बटाट्याच्या दुकानावरच्या खोलीत राहायचा. खोलीला तेलाचा वास आणि भिंतभर तबकड्या.

"बत्तीस ठोके मोज," क्लाइव्ह सांगायचा. "तेहतिसाव्याला नवं काही येतं. त्याच्या आधी लोकांना उठव, आलं की बाजूला हो. गाणारीचा आवाज लागला की तोंड मीट. पियानो आला तर श्वाससुद्धा घेऊ नकोस."

बाकीचं ती स्वतःच शिकली. झांजांच्या वर चढून ओरडलं की शब्द फाटतात, खालच्या पट्टीत बोललं की मागच्या भिंतीपर्यंत जातात. डीजेकडे बघत बसायचं नाही, पहिल्या रांगेकडे बघायचं. कोण दाबलं जातंय, कुणाला भोवळ येतेय हे स्टेजवरूनच दिसतं.

सहा महिन्यांनी रॉयस्टनचा एक एमसी आलाच नाही. रॉयस्टनने लॉर्नाला बोलावलं. शेन तिथेच होता.

"ही राहणार असेल तर मी जातो," तो म्हणाला.

"जा ना," लॉर्ना म्हणाली. "दार उघडंच आहे. बोलत बोलत जा, तेवढंच दाराला मनोरंजन."

रॉयस्टनने दात दाखवले आणि दोघांनाही उभं केलं.

दोन तास ते युद्ध चाललं. ती बोलायला लागली की शेन तिच्यावर बोलायचा. तिने लोकांना पाणी प्यायला सांगितलं, त्याने तिच्या आवाजाची नक्कल केली. पण लोक बदलत होते. ती मोजून बोलायची, मोजून थांबायची आणि ती थांबली की काहीतरी चांगलं येणार, हे त्यांच्या ध्यानात यायला लागलं होतं. चार वाजायच्या सुमारास क्लाइव्हने ढोल थांबवले आणि नुसता पियानो सुरू झाला. लॉर्नाने माइक खाली घेतला आणि एक हात वर केला. दीड हजार हात वर गेले. कुणीतरी गुणगुणायला लागलं, मग सगळेच.

"आवाज कुठाय! आवाज कुठाय!" शेन ओरडला.

मागून एक शिट्टी आली. मग दहा. मग एका पोरीचा खणखणीत आवाज, "ए, गप्प बस ना!" आणि हॉलने तेच उचललं. गप्प बस, गप्प बस.

शेनने एकदा लोकांकडे बघितलं, एकदा लॉर्नाकडे. आणि हातातला माइक तिच्या तोंडावर फेकून मारला.

पुढच्या दाताचा तुकडा उडाला. ओठातून रक्त हनुवटीवर आलं. लॉर्नाने ते बाहीला पुसलं, माइक तोंडाशी नेला आणि खालच्या पट्टीत म्हणाली, "समोरच्यांनो, एक पाऊल मागे. क्लाइव्ह, चालू दे." उरलेला वेळ ती तशीच बोलली. प्रत्येक 'स' मधून शीळ निघत होती.

सोमवारी हाउझीच्या हॉलचा व्यवस्थापक तिला म्हणाला, "सहासष्ट म्हणून दाखव."

तिने म्हटलं. त्याने कपाळाला हात लावला आणि दात होईपर्यंत तिला चहाच्या काउंटरवर पाठवलं.

रॉयस्टनने मात्र त्या रविवारची टेप काढली. माइक दातावर आपटल्याचा आवाज त्यात स्वच्छ ऐकू येत होता, आणि नेमक्या त्यासाठीच मँचेस्टरपासून मागणी येत होती. त्याने नवं पोस्टर छापून घेतलं, लॉर्ना आणि शेन, नाकासमोर नाक. पोस्टर घेऊन तो तिच्याकडे आला तेव्हा तिने ते त्याच्यादेखत फाडलं.

"मी तुमच्याकडे बोलायला आले होते, रॉयस्टन. तोंड फोडून घ्यायला नाही."

"अगं पण लोकांना हेच हवंय!"

"मग त्यांना कोंबड्या झुंजवून दाखवा."

त्या शनिवारी सकाळी शेन दारात आला. बेरिलने दार अर्धंच उघडलं.

"तूच का तो? माझ्या पोरीचा दात पाडणारा?"

"मला तिच्याशी बोलायचंय."

"तुला सगळ्यांशीच बोलायचं असतं असं ऐकलंय, बाळा. पाय पूस आणि आत ये. काही फेकायचं असेल तर बाहेर फेकून ये."

तो स्वयंपाकघरात टेबलाशी बसला. माफी मागायला आला नव्हता. रॉयस्टनने पाठवलं होतं, पोस्टरवरच्या जलशाला ती हो म्हणेल का विचारायला. तरी चहाच्या कपावरचे गुलाब नखाने खरवडत तो म्हणाला, "दाताचं... तसं करायचं नव्हतं मला."

"केलंस," लॉर्ना म्हणाली. "मला माफी नको. ऐक."

तिने टेप लावली. दात गेला त्या रविवारचीच, पण सुरुवातीपासून, जिथे लॉर्ना यायच्या आधी तो एकटाच होता. शेन आधी हसला. मग सिगारेट काढली, बेरिलने बघितल्यावर परत ठेवली. टेपमधला शेन गाणारीवर ओरडत होता, पियानोवर ओरडत होता, स्वतःचंच नाव पुन्हा पुन्हा घेत होता. टेबलाशी बसलेला शेन हळूहळू लाल होत गेला.

"बंद कर," तो म्हणाला.

"अजून खूप आहे."

"बंद कर म्हणतोय ना!"

"तुला येतं रे," लॉर्ना म्हणाली, आणि तिच्या आवाजात कौतुक अजिबात नव्हतं. "सुई उडाली तेव्हा मी बघितलंय. म्हणूनच तुझा राग येतो. ज्याला येतच नाही त्याला मी माफ केलं असतं."

तो अकराव्या मिनिटाला उठला. चहा तसाच राहिला. दार त्याने आपटलं नाही, नुसतं उघडं टाकून गेला, आणि बेरिल थंडीला शिव्या घालत ते लावायला उठली.

शेन सुधारला असं मात्र झालं नाही. रॉयस्टनच्या स्टेजवर तो तसाच किंचाळत राहिला. पण लोक आता शिट्ट्या मारायला शिकले होते. दीड वर्षात जलशाला तीनशे माणसंही जमेनात, आणि मग नाचघराचा परवाना गेला. लॉर्ना दात बसवून पुन्हा आकडे पुकारू लागली, आणि तिने क्लाइव्हबरोबर वुल्व्हरहॅम्प्टनच्या एका हॉलमध्ये चार वर्षं माइक धरला. तिथे तिला 'शाळामास्तरीण' म्हणायचे. प्रेमाने म्हणायचे असं नाही. गर्दीत दाबल्या गेलेल्या पोरांना बाहेर काढेपर्यंत ती संगीत थांबवायची, आणि कुणी कुरकुरलं तर त्याला बोट दाखवून, सगळ्यांसमोर, कपड्यांच्या रंगासकट झापायची. तिच्या रविवारी कुणालाही रुग्णवाहिकेतून न्यावं लागलं नाही.

शेन तिला त्यानंतर एकदाच दिसला, हॅन्लीच्या बस थांब्यावर. केस मूळच्या रंगाचे झाले होते. त्याने तिला ओळखलं, तिनेही ओळखलं. बस यायला दहा मिनिटं होती, आणि ती दहा मिनिटं दोघंही एक शब्द बोलले नाहीत. दुमजली बस आली. तो जिन्याने वर गेला, ती खाली बसली.