झडतीबाईच्या घरची वेल

माझ्या आत्याला बसता येत नाही. गुडघे ठणठणीत आहेत, कंबर ताठ आहे, पण खुर्चीला टेकली की तिला काहीतरी आठवतं आणि ती उठते. चहा उभ्यानं पिते, भाजी उभ्यानं चिरते, फोनवर बोलता बोलता अंगणाला चार फेऱ्या मारते. माझे वडील म्हणतात, ही जन्माला आली तीसुद्धा घाईत, सुईण येईपर्यंत थांबली नाही. त्याच वडिलांनी मला फर्मान सोडलं, "जा, चार दिवस राहा. आतोबांचं बघ आणि तिला जरा पाठ टेकू दे." मी म्हटलं, ती टेकणार नाही. ते म्हणाले, "भांडून टेकायला लाव. भांडण तुला चांगलं जमतं." हे मात्र खरं आहे.

बसनं मला भर दुपारी कालव्याच्या पुलावर उतरवलं. दोन्हीकडे उघडेबोडके डोंगर, मधे सपाट हिरवी जमीन, आणि ऊन असं की डोळे उघडवेनात. ते डोंगर वाऱ्याला आत येऊ देत नाहीत आणि उकाड्याला बाहेर जाऊ देत नाहीत. गाव म्हणजे एकच रस्ता. ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज, फवारणी पंपांचं दुकान, खताचं गोदाम, एक दवाखाना, आणि सगळ्यांची शटरं अर्धी खाली ओढलेली. कुत्रीसुद्धा एका सावलीतून उठून दुसऱ्या सावलीत जात होती. दहा मिनिटं चालले तेवढ्यात माझी चिडचिड सुरू झाली.

या खोऱ्यात काकडी पिकते, पण खायची नाही, बियाण्याची. फळं वेलीवरच पिवळी, जाड होऊ देतात, मग चिरून बी काढतात आणि ते बी लांबलांबच्या शेतांत जातं. मळ्यात दोन जातींच्या ओळी असतात. एक बापाची, एक आईची. आईच्या ओळीतली नर फुलं उमलायच्या आत रोज खुडून टाकायची. मग मधमाशा बापाच्याच ओळीतून पराग आणतात आणि हवं तसं बी तयार होतं. पण मधमाशी मळ्याची हद्द थोडीच मानते! गावात कुणाच्या परसात भलत्या जातीची एक वेल फुलली, तरी तिचा पराग मळ्यात पोचतो आणि बी बिघडतं. म्हणून फुलोऱ्याच्या दिवसांत घरी काकडी लावायची नाही, असा गावाचा नियम आहे. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. इथे पिकतं तिथे खाताही येत नाही. खायची काकडी बाहेरगावाहून टेम्पोनं येते आणि काकडीवाल्या गावातली माणसं तिच्यासाठी घासाघीस करतात.

नियम पाळला जातोय का हे बघणं आत्याचं काम. मळा तेवीस घरांचा मिळून आहे, आणि तिथल्या बायकांची मुकादम आत्या. मळ्यात जायच्या आधी ती गल्लीगल्लीतून फिरते, कुंपणांवरून डोकावते, उकिरड्यावर आपसूक उगवलेली वेलसुद्धा सोडत नाही. गाव तिला झडतीबाई म्हणतं. अर्थात पाठीमागे. तोंडावर सगळे ताई म्हणतात.

मी बॅग घेऊन गल्लीत शिरले तेव्हा झडतीच चालली होती. शेजारच्या वहिनी शिवणकाम करतात. त्यांच्या शेडमागे, मोडक्या जाळीवर चढलेली एक वेल आत्यानं मुळासकट ओढून काढली होती. वेलीला दोन कोवळ्या काकड्या लटकत होत्या.

"दोन दिवस थांबली असतीस तर तेवढ्या खाल्ल्या तरी असत्या," वहिनी म्हणाल्या.

"मधमाशी थांबते का दोन दिवस? नर कळ्या उद्याच उमलल्या असत्या."

"घे बाई, घे. सगळ्यांच्या घरची घे झडती." वहिनींनी आत्याच्या दाराकडे एकवार पाहिलं आणि त्या मशीनवर जाऊन बसल्या. दारात मी उभी होते. मला वाटलं, माझ्याकडेच बघतायत.

आतोबा मागच्या खोलीत कॉटवर होते. जन्मभर कालव्याची दारं उघडण्या-मिटण्याचं काम केलेला माणूस. आठ महिन्यांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली. आता एकेक शब्द शोधून बोलतात, आणि तो सापडेपर्यंत समोरच्याचा जीव टांगणीला लागतो. आत्या सकाळभर मळ्यात असते तेव्हा वहिनी मशीन थांबवून दोनदा येतात, त्यांना पाणी पाजतात, उशी सरळ करतात. मला बघून आतोबा हसले. अर्धंच, पण मनापासून.

हात धुवायला मी मागच्या परसात गेले आणि जागच्या जागी थबकले. पाण्याची टाकी, कपड्यांची दोरी, न्हाणीघर, आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात काकडीची वेल! चांगली हिरवीगार, सुतळीनं खिडकीच्या गजांना बांधलेली, तिथून न्हाणीघराच्या भिंतीवर गेलेली.

माझं डोकंच सटकलं. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान! आत्ता त्या बिचाऱ्या वहिनींची वेल उपटून आलीस ना तू?"

"हळू बोल." आत्यानं मला टाकीमागे ओढलं. "विकतच्या जून काकडीतलं बी यांनी डाव्या हातानं डब्यात खोचलं. रोप दिसलं तशी मी उपटायलाच निघाले होते. तेवढ्यात हे उठले. आठ महिन्यांत स्वतःहून उठले नव्हते गं! भिंत धरून टाकीपर्यंत गेले, पेला भरला, चार पावलं चालले आणि डब्यात ओतला. निम्मं पाणी लेंग्यावर सांडलं. डॉक्टर सांगून थकले होते, मी सांगून थकले होते. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी चालतात. आता तूच सांग, उपटू?"

भांडण मी तिथेच सोडलं. असं माझ्या बाबतीत फारसं होत नाही.

आत्यानं वाट काढली होती. बाधा होते ती नर फुलांची. ती उमलायच्या आत खुडली तर वेल असून नसल्यासारखी. म्हणून ती रोज पहाटे, मधमाशा बाहेर पडायच्या आत, बॅटरी घेऊन परसात उतरते. मलाही तिनं ओळखायला शिकवलं. फुलामागे बोटभर काकडी असेल तर मादी, नुसता देठ असेल तर नर. पंधरा दिवस चाललं होतं हे. पण एवढ्यावर तिचं समाधान होत नव्हतं. खुडून झालं की पुन्हा बघायची, गावात फेरी मारून आली की पुन्हा, मळ्यातून येऊन चपला काढायच्या आत पुन्हा. एक नर राहिला तर तेवीस घरांचं बी वाया, हा घोर तिला खात होता. आणि दुसऱ्याची वेल उपटताना तिचे हात कसे चालत होते, हे मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं, "रात्रीचा घास उतरत नाही मला."

दोन दिवसांत मला तिची लागण झाली. पुस्तक उघडलं की दोन ओळींनी उठायची आणि वेल बघून यायची. पंखा गरम हवा फिरवत राहायचा. कॉटवरून आतोबा विचारायचे, "काय... शोधतेस?" मी म्हणायची, काही नाही. घरात एकटे तेच काय ते स्वस्थ होते.

तिसऱ्या दिवशी आत्याला मळ्यात भोवळ आली. बायकांनी टेम्पोत घालून घरी आणून सोडली. पाय सुजून टम्म झालेले. मग मी भांडले. अगदी मन लावून भांडले आणि तिला आडवी केली. म्हटलं, "उद्या पहाटे मी खुडते."

"तुला नाही जमायचं. मला उठव."

"फुलं खुडायला काय पदवी लागते?"

ती झोपल्यावर मी तिच्या फोनमधला गजर बंद केला.

पहाटे मी एकटीनंच खुडलं. एकोणीस नर. पान न् पान उलटून दोनदा बघितलं. मादीला धक्का लावला नाही. मग चहा टाकला आणि स्वतःवर खूश होऊन उजाडायची वाट बघत बसले. साडेसहाला आत्या धडपडत बाहेर आली, बादली उपडी घातली, तीवर चढली आणि न्हाणीघराच्या पत्र्यावर डोकावली.

"पत्र्यावर बघितलं होतंस?"

बादलीवर चढताना मी तिला दोन्ही दिवस पाहिलं होतं. मला वाटलं होतं, दोरीवरचे कपडे काढते. मी बादलीवर चढून पाहिलं. वेलीचा शेंडा पत्र्यावर पसरला होता आणि तीन नर फुलं टकटकीत उमलली होती. एकात मधमाशी होती, पायांना पिवळी भुकटी लागलेली. माझ्यादेखत ती उडाली, भिंतीवरून, मळ्याच्या दिशेनं.

आत्या उपड्या बादलीवर बसली. नुसती बसून राहिली.

"कुणी पाहिलं नाहीये," मी म्हटलं. "आत्ता खुडून टाकू. कुणाला कळणार आहे?"

"यंदा नाही कळणार. पुढच्या वर्षी कुठंतरी लांब एखादा माणूस हे बी पेरेल आणि त्याच्या वेलीला भलतंच काहीतरी लागेल. आमचं त्याला नावही माहीत नसेल. शिव्या तरी कुणाला देणार तो?"

"अगं, पण मळा हातचा जाईल तुझा!"

"काकडीचं फूल एकच दिवस टिकतं," ती उठत म्हणाली. "आज उमललेलं सगळं काढलं तर मळा वाचतो. पण का काढायचं, ते सांगायला लागेल."

ती अनवाणीच निघाली होती. मी चपला घेऊन मागे धावले.

मळ्यात बावीस बायका वाकून कामाला लागल्या होत्या. आत्या बांधावर उभी राहिली. "माझ्या घरी वेल आहे. पंधरा दिवस मी नर खुडत होते. आज राहिले. आईच्या ओळीतली आज उमललेली सगळी फुलं काढावी लागतील. मादीसुद्धा."

चूक माझी होती. मी तोंड उघडलं, तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. आणि खरं सांगायचं तर मला ते मिटायचंच होतं. त्या बावीस जणींपुढे मी भ्याले.

बायका कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. मग एकजण म्हणाली, "माझ्या पोरीची वेल उपटलीस तेव्हा दोन दिवस जेवली नव्हती ती." दुसरी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "का हो झडतीबाई, तुमची झडती कुणी घ्यायची?" पहिल्यांदाच कुणीतरी हे नाव तोंडावर घेतलं होतं. आत्यानं मान खाली घातली आणि पहिल्या ओळीत शिरली.

एरवी दहाला मळा रिकामा होतो. त्या दिवशी एक वाजला. मादीला हात लावायचा नाही, हे त्या बायकांच्या बोटांत मुरलेलं. आज तीच फुलं, मागच्या बोटभर काकडीसकट, पाटीत पडत होती. एक म्हातारी म्हणाली, "माझा हात होत नाही," आणि सावलीत जाऊन बसली. तिच्या ओळी आत्यानं केल्या. मीही खुडत होते. घाम डोळ्यांत जात होता, आणि रडले असते तरी कुणाला कळलं नसतं.

परत येताना आत्या घरी न जाता आधी वहिनींच्या शेडमध्ये गेली. बातमी तिच्याआधी पोचलीच होती.

"चल. तू उपट," आत्या म्हणाली.

"मी कशाला?"

"त्या दिवशी मी तुझी उपटली. आणि आपल्या घरची झडती आपण घ्यायची नसते."

वहिनींनी हातातलं कापड खाली ठेवलं. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होती ती वेल. रोज पाणी पाजायला येते मी. डोळे काय घरी ठेवून येते?"

"मग बोलली का नाहीस? त्या दिवशी तरी बोलायचंस."

"चालत होते ना ते," वहिनी म्हणाल्या.

आतोबांना डुलकी लागली होती. वहिनींनी सुतळी सोडली, पत्र्यावरचा शेंडा खाली ओढला आणि बुंधा धरून वेल एका हिसक्यात बाहेर काढली. डबा कलंडला आणि फरशीवर खणखणला. त्या आवाजानं आतोबा जागे झाले. भिंत धरत, पाय ओढत दारापर्यंत आले. वेल खाली पडलेली, वहिनींचे हात मातीनं भरलेले, आणि मी कोपऱ्यात.

"कु... कुणी?" त्यांनी विचारलं.

वहिनी बोलणार तेवढ्यात आत्या त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. "मी. मी उपटली."

आतोबा तिच्याकडे बघत राहिले. मग वळले आणि भिंत धरून कॉटवर जाऊन पडले. वहिनी हळूच म्हणाल्या, "अगं, माझं नाव सांगायचंस." आत्या म्हणाली, "उद्या सकाळी त्यांना पाणी कोण देणार आहे? तूच ना? तुझ्या हातचं त्यांनी प्यायला हवं."

संध्याकाळी ती पाण्याचा पेला घेऊन त्यांच्या उशाशी गेली. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. ती पुन्हा म्हणाली, "अहो, घोटभर तरी घ्या." त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तिनं पेला माझ्या हातात दिला. "तू दे."

मला सांगून टाकायचं होतं, आतोबा, चूक माझी आहे. नाही सांगितलं. मी त्यांच्या मानेखाली हात घातला, पेला ओठांना लावला, आणि ते घटाघटा प्यायले, सगळंच्या सगळं.

आत्या दारात उभी होती. "पितात ना?" तिनं विचारलं.

"पितात," मी म्हटलं.