गफ्फार पिंजाऱ्याची ओली गादी

जळगाव जामोदच्या गफ्फार पिंजाऱ्याने भरलेल्या गादीवर पडलेला माणूस दोन शब्द बोलायच्या आत घोरू लागतो, असं गावात म्हणत. म्हणजे गफ्फारच म्हणायचा, तेही कोणी न विचारता. नागपूरहून तपासणीला आलेल्या एका साहेबाला त्याच्या गादीवर अशी झोप लागली की तपासणीच राहून गेली, हा त्याचा लाडका किस्सा. साहेबाला त्या दिवशी ताप होता, पण ते सांगायची गफ्फारला कधी गरज वाटली नाही.

अशा या कारागिराच्या अंगणात रोज सकाळी एक ओली गादी वाळत पडायची. त्याची सात वर्षांची बानो झोपेत अंथरूण भिजवायची. बायको ताहेराने दिवस मावळल्यावर पोरीचं पाणी बंद केलं, तीळगूळ चारला, दंडाला ताईत बांधला. गफ्फारने आपल्या परीने एकच इलाज केला: तो ओरडला. एकदा तर ओली गादी तिच्याच डोक्यावर देऊन अंगणात न्यायला लावली. त्या रात्री गादी दोनदा भिजली. आपल्या इलाजाचा गुण उलटाच येतो, एवढं त्यालाही कळलं.

एके दिवशी संग्रामपूरकडचे रामराव पाटील आपली नवी गादी न्यायला आले. अंगणातली ओली गादी पाहून म्हणाले, "हे काय बे, गफ्फार?"

पोरीचं नाव सांगायला त्याची जीभ रेटेना. पोरीची कीव थोडी आणि स्वतःच्या नावाची काळजी जास्त, हे त्याने पुढे स्वतःच कबूल केलं. त्या घडीला मात्र त्याने ठोकून दिलं, "पाटील, हे आपली खास कारागिरी हाय. पाणी मारून उनात टाकली का रुई दुप्पट फुलते. कोणाले सांगत नाही मी, तुमी घरचे म्हणून."

पंधरा दिवसांनी, ऐन बाजाराच्या दिवशी, पाटलांची बैलगाडी दाराशी उभी राहिली. गाडीच्या आधी वास आला.

"दोन बादल्या ओतल्या मी!" पाटील कडाडले. "गोळे झाले बे आतमंदी! हेच का तुही कारागिरी?"

माणसं जमली. दारामागे बानो ओढणीचं टोक चावत उभी होती. आता आपलं नाव निघणार, हे तिला कळलं होतं. गफ्फारने तिचा तो चेहरा पाहिला. लहानपणी तोही असाच दाराआड उभा राहिला होता आणि त्याच्या बापाने पाहुण्यांसमोर सगळं सांगून टाकलं होतं.

"कारागिरी-बिरी काही नाही, पाटील," तो म्हणाला. "ते गादी मीच भिजवतो. झोपीत."

सगळा बाजार हसला. पाटलांना हसता हसता गाडीच्या चाकाचा आधार घ्यावा लागला.

"एवढा दाढीवाला गडी!" ते म्हणाले.

"काय करता? गादीच अशी भरतो का जाग येत नाही," गफ्फार म्हणाला, आणि पाटलांचा कापूस सोडवायला खाली बसला.

संध्याकाळी बानो जवळ आली. "अब्बा, काऊन खोटं बोलले तुमी?"

"अर्धंच खोटं बोललो. तुह्याएवढा होतो तवा खरंच भिजवत होतो."

"मंग थांबलं कसं?"

"मले मालूम नाही. मोठा झालो, थांबलं."

ती हसली. कित्येक दिवसांत ती अशी हसली नव्हती.

तेव्हापासून गफ्फार आपण झोपायच्या आधी तिला हलकेच उठवून बाहेर नेऊन आणायचा. गादीवर गोणपाटाची घडी घालायचा. सकाळी ओलं निघालंच तर दोघं मिळून गादी उन्हात टाकत, कोणी काही बोलत नसे. तरी आठवड्यातून तीन-चारदा भिजायचीच. मग दोनदा. कापसाची वेचणी सुरू झाली तोवर महिना महिना कोरडा जाऊ लागला.

बाजारात मात्र त्याचं 'ओला गफ्फार' हे नाव कायमचं पडलं. आधी तो चिडायचा. पुढे नवं गिऱ्हाईक आलं की आपणच सांगायचा, "बेफिकीर राहा. तुमच्या गादीवर मी निजून पाहत नाही."